कशाचे अठरा टक्के? रेडिओवर तज्ज्ञाची मुलाखत घेताना

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरातल्या एका कम्युनिटी रेडिओवर दर आठवड्याला २८ मिनिटांचा कार्यक्रम आहे. विज्ञान, तंत्रज्ञान आणि संस्कृती या विषयांतले जाणकार बोलवायचे. तीन भाग झाले. पाहुणे व्याख्यान देतात, मध्ये बोलायला फट मिळत नाही, खोलीत आवाज घुमतो, आणि ऐकणारे म्हणतात, "छान होतं, पण नीटसं कळलं नाही." यात काय बदलायचं?

माइक बदलायच्या आधी पाहुण्याला केलेला पहिला फोन बदला. पाहुणा व्याख्यान देतो त्याचं कारण बहुतेकदा आपणच असतो. आपण म्हणतो, "सर, डाळिंबावर अर्धा तास बोलाल का?" मग सर डाळिंबावर बोलतात. उगम इराणात, मग औषधी गुण, लागवडीचं क्षेत्र, जाती, हवामान. विषय हातात दिला की भाषण मिळतं, प्रश्न दिला की उत्तर. "दमट हवेत भगवा जातीच्या डाळिंबावर तेल्या रोग इतक्या झपाट्यानं का पसरतो, आणि छाटणीनंतरच्या पंधरा दिवसांत शेतकऱ्याच्या हातात नेमकं काय असतं?" एवढंच सांगून केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांना बोलावलंत तर ते इराणपासून सुरुवात करणार नाहीत.

हा फोन पंधरा-वीस मिनिटांचा हवा. त्यात तीन गोष्टी काढून घ्या. लोकांचा या विषयात सर्वांत मोठा गैरसमज कोणता? तुमच्या कामात रोज येणारा आकडा कोणता? आणि ऐकवता येईल असं काही आहे का, एखादं यंत्र, एखादी हाक, एखादं वाद्य? मुख्य प्रश्न मात्र फोनवर पुरता विचारू नका. त्याचं ताजं उत्तर तिथंच खर्ची पडतं आणि रेकॉर्डिंगच्या वेळी "मी त्या दिवशी म्हटलं तसं" अशी शिळी सुरुवात ऐकायला मिळते. प्रश्नांची यादी लेखी पाठवू नका, मुद्दे पाठवा. यादी गेली की पाहुणे उत्तरं लिहून आणतात, आणि कागदावरून वाचणारा आवाज दोन वाक्यांत ओळखू येतो.

आता "कळलं नाही" या तक्रारीकडे येतो, कारण खरी मेख तिथं आहे. विज्ञानाच्या मुलाखतीत ऐकणारा अडतो तो शास्त्रीय शब्दावर क्वचित. तो अडतो आकड्यावर, आणि तेही आकडा मोठा आहे म्हणून नव्हे, तर तो कशाचा आहे हे कुणी सांगितलेलं नसतं म्हणून. मुलाखत घेणाऱ्याकडे एकच हुकमी पुरवणी प्रश्न असावा: "कशाचे?"

उजनीचं उदाहरण घ्या. "धरण उणे तीस टक्क्यांवर" हे वाक्य सोलापूरकर उन्हाळ्यात चहाच्या टपरीवर ऐकतो. पण पाणी शून्याच्या खाली कसं जाईल? पाटबंधारे खात्यातला अभियंता समोर बसला असेल तर हाच प्रश्न अगदी भोळेपणानं विचारा. उत्तर असं उलगडतं: उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठ्यात, म्हणजे कालव्याच्या तोंडापेक्षा खालच्या पातळीला. वरचं साडेत्रेपन्न टीएमसी ते उपयुक्त पाणी. टक्केवारी काढतात ती फक्त या वरच्या साडेत्रेपन्नाची. म्हणून उणे तीस टक्के म्हणजे मृतसाठ्यातून सुमारे १६ टीएमसी काढून झालं, पण खाली अजून ४७-४८ टीएमसी शिल्लक आहे. ज्याला "उणे" म्हणजे "धरण कोरडं" वाटत होतं त्याचा गैरसमज इथं दूर होतो, आणि मग दुबार पंपिंग, म्हणजे पाणी दोन टप्प्यांत उपसणं, का करावं लागतं हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

टीएमसीचंही तसंच. "एक टीएमसी म्हणजे २,८३१ कोटी लिटर" हे खरं आहे आणि रेडिओवर पूर्ण निरुपयोगी आहे. कोटींच्या पुढं सगळे आकडे कानाला सारखेच. त्यापेक्षा, "साडेअकरा हजार क्युसेकनं, म्हणजे सेकंदाला साडेअकरा हजार घनफूट, एक दिवस-रात्र पाणी सोडलं की एक टीएमसी होतं." क्युसेकचे आकडे लोक पावसाळ्यात बातम्यांत ऐकत असतात, त्यांना हे लगेच बसतं. ही जुळणी आधी तुम्ही कागदावर करून ठेवायची आणि पाहुण्यांकडून तपासून घ्यायची. ऐन रेकॉर्डिंगमध्ये पाहुण्यांना गुणाकार करायला लावलात तर चूक होणारच.

दुसरं उदाहरण ढगांचं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं सोलापूर परिसरात कृत्रिम पावसाचा प्रयोग केला. विमानातून ढगांच्या तळाशी कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडले (यालाच ढगांची पेरणी म्हणतात) आणि पावसात १८ टक्के वाढ झाल्याचा निष्कर्ष मांडला. हे वाक्य जसंच्या तसं हवेवर गेलं तर ऐकणारा समजतो, त्या वर्षी सोलापुरात १८ टक्के जास्त पाऊस पडला. तसं नाही. तुलना होती पेरणीच्या वाऱ्याखालच्या पट्ट्यातल्या पावसाची, पेरणी न झालेल्या ठिकाणच्या पावसाशी. शिवाय पेरायला योग्य ढग मुळात आकाशात असावे लागतात. "कशाचे अठरा टक्के?" हे विचारलं की पाच मिनिटांचं चांगलं उत्तर मिळतं. "ढगच नसेल तर काय करता?" हे विचारलं की त्याहून चांगलं.

तिसरं उदाहरण जास्त जोखमीचं आहे, कारण ऐकणारा ते तसंच्या तसं करून बघतो. "एक टक्का बोर्डो मिश्रण फवारा." हे पिकावर फवारायचं बुरशीनाशक. कशाचा एक टक्का? शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि एक किलो कळीचा चुना. हे पाहुण्यांनी सांगितलं तरी तुम्ही पुन्हा म्हणा, हळू म्हणा. मग कृतीचा क्रम विचारा: मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत पन्नास-पन्नास लिटर पाण्यात विरघळवायचे, दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतत ढवळायची, लोखंडी सळई बुडवून बघायची, तिच्यावर तांबूस थर चढला तर चुन्याची निवळी वाढवायची, आणि मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. लोखंडी भांडं का नको, हे विचारायला विसरू नका. तांबं लोखंडावर बसतं हेच त्याचं कारण, आणि सळईची परीक्षाही त्याच कारणानं चालते. कारण कळलं की कृती लक्षात राहते. मात्रेचा प्रत्येक आकडा रेकॉर्डिंगनंतर पाहुण्यांना वाचून दाखवा. मिलिलिटर आणि ग्रॅम यांची अदलाबदल बोलण्याच्या ओघात मोठमोठ्यांकडून होते.

आकड्यांबद्दल आणखी एक. सत्त्याऐंशी आणि सत्त्याण्णव, एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे लहानशा स्पीकरवर, स्वयंपाकघरात फोडणी चुरचुरत असताना, सारखेच ऐकू येतात. महत्त्वाचा आकडा असेल तर "सत्त्याऐंशी, आठावर सात" असं म्हणा. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" आणलं तेव्हा बरीच टिंगल झाली, पण रेडिओवर बसणाऱ्यानं तरी हसू नये. उलट दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन ही मराठीची कमाई पुरेपूर वापरा. ५३.५७ पेक्षा "साडेत्रेपन्न" कानाला हजारपट सोपं. एका कार्यक्रमात चार-पाच आकडे पुरेत. बाकीचे कापा, पाहुणे रागावले तरी.

मध्ये बोलायचं कसं? "सर, एक मिनिट" म्हणून थांबवलं तर पाहुणे दचकतात आणि धागा तुटतो. त्यांचा शेवटचा शब्द उचला आणि तिथूनच सुरू करा. ते "हायग्रोस्कोपिक कण" म्हणाले की श्वास घेतात, त्या श्वासात: "हायग्रोस्कोपिक, म्हणजे पावसाळ्यात मीठ ओलं होतं तसं?" यात थांबवणं, समजावणं आणि पुढचा प्रश्न तिन्ही झालं. "आर्द्रताशोषी" असा जड शब्द आणून मराठीची सेवा करू नका, मिठाची बरणी पुरते. आधीच ठरवून ठेवा की मी हात टेबलावर ठेवला की वाक्य संपवायचं. पाहुणे बोलत असताना "हं, हं, बरोबर, अगदी" म्हणायची सवय मात्र आजच सोडा. समोरासमोर ती अदब वाटते, ट्रॅकवर ती खिळ्यासारखी बसते आणि तिथं कापताच येत नाही. मान हलवा.

"आपल्या क्षेत्राविषयी श्रोत्यांना काय सांगाल?" आणि "तरुणांना काय संदेश द्याल?" हे दोन प्रश्न कायमचे रद्द करा. दोन्हींची उत्तरं सगळ्या पाहुण्यांची सारखीच असतात.

सोलापुरात पाहुण्यांची घरची भाषा कन्नड, तेलुगू किंवा दखनी असण्याची शक्यता भरपूर. त्यांचं मराठी "सुधारू" नका, रिटेक मागू नका. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेवर बोलणारे जाणकार "यण्णीमज्जन" म्हणतील तेव्हा तैलाभिषेक असा अर्थ एकदा विचारून घ्या आणि पुढं तोच शब्द राहू द्या. शब्दाबरोबर इतिहास येतो: ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांचा काळ बाराव्या शतकातला, मानाचे नंदीध्वज (यात्रेत मिरवतात त्या उंच काठ्या) सात, लिंगं अडुसष्ट, आणि विधींच्या कितीतरी शब्दांत कन्नड जिवंत. संस्कृतीच्या मुलाखतीत विशेषणं लवकर साचतात ("अत्यंत पवित्र", "अनोखा"). तिथं वस्तूकडे वळवा: नंदीध्वजाची काठी कोण पेलतं, सराव कधी सुरू होतो, तोल जाऊ लागला तर आधी कोण काय करतं?

आता खोली. आवाज घुमतो तो उघड्या भिंती, फरशी आणि काचेमुळं. फोम विकत घ्यायच्या आधी शहराचं बलस्थान वापरा: जाड जकार्ड चादरी. दुहेरी घडी करून दोरीवर टांगा, भिंतीला चिकटवून नव्हे, चार-पाच बोटं अंतर सोडून. मागं हवेची पोकळी राहिली की मधल्या पट्टीतला आवाजही बराच शोषला जातो, भिंतीला चिकटलेली चादर फक्त तीक्ष्ण आवाज खाते. पाहुण्यांच्या पाठीमागची आणि समोरची भिंत आधी, मग टेबलावर एक टॉवेल. खालच्या पट्टीतली घुमी आणि रस्त्यावरचा हॉर्न याला चादर काहीही करत नाही. त्यासाठी आतल्या बाजूची खोली आणि सकाळी सात ते नऊची वेळ हाच उपाय.

पंखा हा सोलापूरचा खास शत्रू. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना पंखा बंद म्हटलं की पाहुणे घामानं निथळतात आणि उत्तरं आखडतात. चालू ठेवला तर पात्यांची सळसळ आवाजात अशी मिसळते की नॉइज रिडक्शननं काढताना बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतं. कुलर त्याहून वाईट. तोडगा एकच: दहा-बारा मिनिटांचे तुकडे. पंखा बंद, एक तुकडा, पंखा चालू, पाणी, पुन्हा बंद. तुमचे प्रश्न तसेही तीन टप्प्यांत असायला हवेत, तेव्हा हे जमून जातं. प्रत्येक तुकड्यानंतर कुणीही न बोलता तीस सेकंद खोलीचा आवाज रेकॉर्ड करा, संपादनात सांधे बुजवायला तो लागतो. लॅपटॉपचा चार्जर काढून ठेवा, नाहीतर ५० हर्ट्झची गुणगुण येते. सगळ्यांचे फोन विमान मोडवर.

माइक दोन हवेत, डायनॅमिक, कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचाच आवाज घेणारे. कंडेन्सर माइक महाग असतो म्हणून चांगला वाटतो, पण तो अशा खोलीत शेजारच्या घरातली कुकरची शिट्टीसुद्धा पकडतो. तोंडापासून दहा ते पंधरा सेंटिमीटर, आणि नाकासमोर नव्हे तर तोंडाच्या कोपऱ्याकडून तिरका. मराठीत फ, भ, ख, थ, ध ही महाप्राण व्यंजनं पावलोपावली, आणि "फवारणी", "भीमा", "फळ" हे शब्द सरळ माइकवर आदळले की धप्प आवाज येतो. तिरका माइक आणि साधा फोमचा टोपरा एवढ्यानं नव्वद टक्के काम होतं (हे नव्वद टक्के कशाचे ते विचारू नका). दोन माइकमधलं अंतर तोंड-माइक अंतराच्या किमान तिप्पट ठेवा, म्हणजे पंधरा सेंटिमीटरला पंचेचाळीस. नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाऊन पोकळ वाटतो. रेकॉर्डिंग वेव्ह फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओला तासाला साधारण एक जीबी लागतो. पातळीचे उंचवटे उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहू द्या. पाहुणे हसले की सुई उडी मारते, ती जागा आधीच सोडलेली बरी. पातळी तपासताना "हॅलो हॅलो" म्हणवून घेऊ नका, आज सकाळी काय खाल्लं ते विचारा. माणूस खऱ्या आवाजात बोलतो.

यंत्रमागावर जाऊन मुलाखत करायचीच असेल, आणि सोलापुरात ती करावीच, तर शेडमध्ये बोलणं रेकॉर्ड करायचा मोह टाळा. मागांचा आवाज शंभर डेसिबलच्या आसपास जातो, पाहुणे ओरडून बोलतात आणि ओरडणारा माणूस समजावून सांगू शकत नाही. दुसरी अडचण लक्षात येत नाही, पण संपादनात गळ्याशी येते: मागाला ठेका असतो. मागच्या आवाजावर रेकॉर्ड केलेलं वाक्य कापलंत की ठेका चुकतो आणि काप लगेच कळतो. म्हणून तीन वेगळी रेकॉर्डिंग करा. शेडचा नुसता आवाज दोन मिनिटं, एकाच मागाचा जवळून एक मिनिट, माग सुरू होताना आणि थांबतानाचा आवाजही. माइकचा गेन (आवाज घेण्याची पातळी) आधीच खाली घ्या, एकदा फाटलेला आवाज नंतर कमी करून शिवता येत नाही. बोलणं मात्र सुताच्या गोदामात करा. बाचक्यांनी भरलेली ती खोली कुठल्याही स्टुडिओच्या तोंडात मारेल अशी शांत असते. मग जोडताना पाच सेकंद पूर्ण आवाजात माग, आणि बोलणं सुरू झालं की तो अठरा-वीस डेसिबल खाली.

तिथं काय विचारायचं? जकार्डची पत्र्यासारखी कडक कार्डं हातात घ्या आणि म्हणा, "हे भोक काय करतं?" भोक असेल तिथं सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि ताण्याचा तो उभा धागा वर येतो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. हो किंवा नाही, एवढ्याच भाषेत चादरीवरचा मोर लिहिलेला असतो, आणि जकार्डच्या याच कार्डांवरून एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राला सूचना द्यायची कल्पना उचलली. तंत्रज्ञान आणि संस्कृती यांच्या दोन वेगळ्या मुलाखती करायची गरजच उरत नाही. कार्ड हातात असताना होणारा खडखडाट राहू द्या, तो कापू नका.

पाहुणे बाहेरगावी असतील तर साध्या फोन कॉलवर विसंबू नका. जुन्या टेलिफोनच्या पट्ट्यात ३०० ते ३,४०० हर्ट्झच जातं, आणि स, श, फ यांची ओळख पटवणारी बरीच ऊर्जा त्याच्या वर असते. त्यामुळं रसायनांची आणि माणसांची नावं हमखास चुकतात. बोला फोनवरच, पण पाहुण्यांना दुसऱ्या फोनवर व्हॉइस रेकॉर्डर सुरू करून तोंडाजवळ ठेवायला सांगा. सुरुवातीला दोघांनी एक टाळी वाजवायची, जोडायला सोपं जातं. फाइल व्हॉट्सॲपवर "डॉक्युमेंट" म्हणून मागवा, व्हॉइस नोट म्हणून नव्हे.

संपादनाला वेळ धरा: चाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून तेवीस-चोवीस मिनिटं ठेवायची तर चार-पाच तास जातात. काप श्वासाच्या आधी द्या, श्वासाच्या मधे नको. सगळे "म्हणजे" काढू नका, माणूस यंत्रासारखा वाटायला लागतो. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाखाली लावणं कितीही सोयीचं असलं तरी करायचं नाही. पॉडकास्टसाठी अंतिम पातळी उणे १६ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) चालते, प्रसारणासाठी केंद्राची ठरलेली पातळी विचारून घ्या. आणि प्रसारित झालेला प्रत्येक भाग तीन महिने जपून ठेवणं कम्युनिटी रेडिओच्या परवान्यातच आहे, तेव्हा हार्ड डिस्क मोकळी करायची घाई नको.

पुढच्या भागासाठी एक विषय सुचवतो, कारण त्यात आकडे कमी आणि करून बघण्यासारखं जास्त आहे: शून्य सावली. सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. मेमध्ये ती वेळ बाराला नव्हे, १२ वाजून २३ मिनिटांच्या आसपास असते. "बाराला का नाही?" हाच तुमचा पुरवणी प्रश्न: घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि आपण जवळजवळ शहात्तरवर, म्हणजे अंशाला चार मिनिटं या हिशेबानं २६ मिनिटं मागं. उरलेला तीन-साडेतीन मिनिटांचा फरक खगोलशास्त्राच्या प्राध्यापकांकडून काढून घ्या. त्या वर्षीची नेमकी तारीखही त्यांनाच विचारा. ऐकणाऱ्यांना पाण्याची गोल बाटली सपाट फरशीवर उभी करायला सांगा. आणि हा भाग आदल्या संध्याकाळी लावा, त्या दुपारी नको. साडेबाराच्या सुमाराला लोक अंगणात बाटलीपाशी असायला हवेत, रेडिओपाशी नाही.